कॉन्टिनेंटल जीपी ५००० एस टीआर: गोव्याच्या ९० किलोमीटरला हो, सहाशेच्या बीआरएमला नको

रोड सायकलचा हा ट्यूबलेस टायर घ्यायच्या आधी दुकानदाराला एक विनंती करा: याच मापाचा टायर माझ्याच रिमवर मला माझ्या हाताने एकदा चढवू आणि उतरवू द्या. दोन प्लास्टिकचे लिव्हर आणि पंधरा मिनिटं, बस. जमलं तर पुढचं वाचा. नाही जमलं तर याच घराण्यातला ट्यूबवाला जीपी ५००० घ्या, त्यात कमीपणा काही नाही. या टायरचा वेग सगळ्यांना माहीत आहे. तो रस्त्याच्या कडेला मालकाशी कसा वागतो, हे मात्र जाहिरातीत नसतं.

थोडी वंशावळ. ग्रां प्री (जीपी) ५००० आला २०१८ च्या शेवटी, लाडक्या ४००० ची जागा घ्यायला. सोबत टीएल नावाचा ट्यूबलेस भाऊ होता, चढवताना अंगठ्याची सालं काढणारा. २०२१ मध्ये टीएलला हटवून एस टीआर आला. टीएलपेक्षा २० टक्के वेगवान, ५० ग्रॅमने हलका आणि बाजूच्या भिंती २८ टक्के मजबूत, असा कंपनीचा दावा. त्याच वर्षी इटलीच्या सोनी कोलब्रेल्लीने पॅरिस-रुबे ही दगडी रस्त्यांची, चिखलाने माखलेली सायकल शर्यत याच टायरवर जिंकली. शिफारस म्हणून भारीच. पण रुबेला मागून टीमची गाडी येते आणि अख्खं चाक बदलून मिळतं. आपल्याकडे बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत स्वतःच्या जिवावर २०० ते ६०० किलोमीटर मारायच्या राइडमध्ये, कंट्रोल (तपासणीची ठरलेली ठिकाणं) सोडून कुठेही खासगी गाडीची मदत घेतली तर बाद, आणि ट्रायथलॉनमध्ये बायकोने नुसता पंप हातात दिला तरी ती बाहेरची मदतच.

वजन २५ मिमी रुंदीला २५० ग्रॅम, २८ मिमीला २८०. रबर ब्लॅकचिली नावाचं, आणि त्याखाली व्हेक्ट्रन या चिवट धाग्याचा, पंक्चर अडवणारा पट्टा. हा पट्टा फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली असतो, बाजूच्या भिंतींत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वेगाचा हिशोब, कारण पैसे त्याचेच मोजतोय. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरा, वेग ताशी ३० किलोमीटर. रोलिंग रेझिस्टन्सचा, म्हणजे टायर घरंगळताना होणाऱ्या विरोधाचा, गुणांक ०.००१ ने उतरला की साधारण ७ वॉट वाचतात. जाड संरक्षक टायर ०.००५ च्या आसपास, हा ०.००३ च्या आसपास. म्हणजे १४ वॉटचा फरक. १८० वॉट लावून ९० किलोमीटर तीन तासांत मारणाऱ्याला त्यातून साधारण पाच मिनिटं मिळतात. पाय तेच, दम तोच, वर पाच मिनिटं फुकट. आयर्नमॅन ७०.३ सारख्या, पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि धावणं अशा ट्रायथलॉन शर्यतीत पाच मिनिटांना काय किंमत असते ते २०२४ च्या गोव्यात दिसलं: खासदार तेजस्वी सूर्या यांनी ८ तास २७ मिनिटं ३२ सेकंदांत शर्यत पूर्ण केली, आणि मर्यादा होती साडेआठ तासांची.

पण हाच हिशोब उलटाही फिरतो. सराव असलेल्याला ट्यूब टाकून परत निघायला सहा ते आठ मिनिटं लागतात, नसलेल्याला वीस-पंचवीस. एक पंक्चर झालं की टायरची दिवसभराची कमाई गेली, वर उधारी. त्यामुळे आपल्या रस्त्यांवर पंक्चर कशाने होतं, हे आधी बघू.

पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेच्या पट्ट्यावर सगळ्यात वाईट शत्रू खिळा नाही, तार. ट्रकचे रेडिअल टायर फुटतात, त्यांच्या चिंध्या पडून राहतात आणि त्यातल्या पोलादी तारा सुट्या होतात. सेंटिमीटरभर लांब आणि केसाहून थोड्या जाड. त्या व्हेक्ट्रनला जुमानत नाहीत, धाग्यांमधून सरळ आत जातात. ट्यूबलेस टायरच्या आत ओतलेला पातळ चीक, म्हणजे सीलंट, भोक बुजवतं, पण तार तिथेच राहते. दर फेरीला ती हलते, चीक सुटतो, हवा थोडी थोडी कमी होत राहते. ‘सीलंट चालत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा अशी न काढलेली तार असते. भुवया कोरायचा प्लकर किटमध्ये ठेवा. पाच ग्रॅमची वस्तू, पण तिच्याशिवाय ही तार बोटांनी निघत नाही.

दुसरा शत्रू काटा. पठारावर वेडी बाभूळ, माळावर सराटे. काट्याच्या बाबतीत मात्र ट्यूबलेसला तोड नाही. काटा मोडून आत राहिला तरी सीलंट त्याच्याभोवती जमतं आणि तुम्हाला कळतही नाही. याचं बिल नंतर येतं, ते खाली सांगतो.

तिसरा प्रकार काप, आणि इथे या टायरची मर्यादा उघडी पडते. कोकणात जांभ्याची खडी, खड्ड्याची धारदार डांबरी कड, रस्त्याच्या खांद्यावरून परत वर चढताना घासणारा काठ. यातलं काही बाजूच्या भिंतीला लागलं तर तिथे व्हेक्ट्रन नाही, आणि पाच-सहा मिलिमीटरच्या चिरेला सीलंट पुरत नाही. भिंती टीएलपेक्षा मजबूत असतीलही. पण बिनखांद्याच्या राज्य मार्गावर, समोरून एसटी आली की साइडपट्टीवर उतरावं लागणाऱ्या माणसासाठी त्या तेवढ्या मजबूत नाहीत.

आता चढवणं. स्पोकच्या भोकांतून हवा जाऊ नये म्हणून रिमच्या आत टेप लावतात; ती रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ मिमी रुंद हवी. टेप लावायच्या आधी रिम स्पिरिटने पुसा आणि टेप ताणून लावा. सैल राहिली तर स्पोकच्या भोकांवर ती खपाटी जाते आणि महिन्याभरात कडेने उचकते. मग हवा व्हॉल्व्हपाशी नाही, स्पोकच्या भोकांतून सुटते, आणि माणूस टायरला दोष देत बसतो. व्हॉल्व्हची चकती हातानेच आवळा. पक्कड लावली की तुमचं कधीतरी रस्त्यावर हसं होणार: चकतीच्या आट्यांत सीलंट सुकतं, ती हाताने फिरत नाही, व्हॉल्व्ह निघत नाही, आणि व्हॉल्व्ह निघाल्याशिवाय ट्यूब आत जात नाही.

टायरची पहिली कड सहज जाते. दुसरी व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूने सुरू करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. अर्धी चढली की थांबून चढलेला भाग दोन्ही अंगठ्यांनी रिमच्या मधल्या खोल चरात ढकला, गोल फिरत, दोनदा. शेवटच्या चार-पाच इंचांना लागणारी ढिलाई या चरातूनच मिळते. बहुतेक जण इथेच चुकतात, चराकडे लक्ष न देता शेवटच्या टोकाशी कुस्ती खेळतात. भांड्याच्या साबणाचं पाणी कडेला लावा, तेल कधीच नको. धातूचा लिव्हर तर घरातच ठेवू नका, टेप फाटते.

व्हॉल्व्हचा कोअर, म्हणजे आतला फिरवून निघणारा भाग, काढून हवेचा एकदम झोत द्या. टक, टक असे दोन-तीन आवाज आले की कड जागेवर बसली. कडेलगतची बारीक रेघ दोन्ही बाजूंनी रिमपासून सारख्या अंतरावर आहे ना, ते चाक फिरवून पाहा. कुठे आत गेलेली दिसली तर हवा काढा, तिथे साबण लावा, परत भरा. मग कोअरच्या जागेतून सिरिंजने सीलंट. २८ मिमीला थंड हवेत ३० ते ४० मिली पुरतं. आपल्याकडे ४५ घाला. रबराच्या चिकापासून बनलेलं सीलंट उन्हाने सुकतं. मार्च ते मे या काळात दोन महिन्यांत आत नुसती रबराची पपडी उरते. चाक कानाशी धरून हलवा. चळचळ ऐकू आली नाही तर सीलंट संपलंय.

रिमविषयी एक गोष्ट मोठ्या आवाजात सांगायला हवी. तुमची रिम हुकलेस असेल, म्हणजे कडेला आतून वळलेला ओठ नसेल, तर कमाल दाब ७३ पीएसआय. त्यात सूट नाही, वजन कितीही असो. आणि हुकलेस रिमची आतली रुंदी २५ मिमी असेल तर २८ चा टायर नकोच, ३० घ्या. कड निसटली तर ती पंक्चरसारखी फुसफुसत नाही, घाट उतरताना टायर एका क्षणात रिम सोडतो. वजन ९०-९५ किलोच्या पुढे असेल तर हुकवाली रिम किंवा मोठं माप.

दाब किती? २८ मिमी, आतली रुंदी २१, ट्यूबलेस: ७० किलोच्या स्वाराने पुढे ६२ आणि मागे ६६ पासून सुरुवात करावी, ८० किलोवाल्याने ६७ आणि ७१. उखडलेल्या रस्त्याला तीन-चारने कमी, पावसात पाचने कमी. ‘शंभर भर’ म्हणणारे काका अजून प्रत्येक ग्रुपमध्ये आहेत. ते २३ मिमीच्या जमान्यातले आहेत, त्यांना नमस्कार करा आणि ऐकू नका. खडबडीत डांबरावर जास्त हवेचा टायर घरंगळत नाही, उडतो, आणि प्रत्येक उडीत वॉट वाया जातात.

उन्हाचा हिशोबही धरा. पहाटे २० अंशांना ७० भरलेला टायर दुपारी ४५ अंशांपर्यंत तापला की ७७ वर जातो. शर्यतीच्या आदल्या दिवशी सायकल ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर ती घ्यायच्या जागेत, लावायची असते तेव्हा ती दुपारभर उन्हात उभी राहते. लावताना दाब ५० वर आणून ठेवा आणि पहाटे पोहायला जायच्या आधी पंपाने नीट भरा. सीलंट व्हॉल्व्हमध्ये जमू नये म्हणून व्हॉल्व्ह चार किंवा आठच्या ठोक्याला ठेवून हवा भरा, सहाच्या ठोक्याला कधीच नको. हे छोटं वाटतं. पण पहाटे साडेपाचला, समुद्रावर लाऊडस्पीकर वाजत असताना बुजलेला कोअर साफ करणं कुणालाही नको असतं.

रस्त्यात पंक्चर झालं तर क्रम असा. आधी थांबूच नका. फवारा दिसला तर वेग कमी करा आणि अर्धा किलोमीटर जाऊ द्या, बहुतेक वेळा तो आपोआप थांबतो. नाही थांबला तर भोक खाली येईल असं चाक फिरवून अर्धं मिनिट उभे राहा, सीलंट तिथे गोळा होऊ दे. तरी नाही, तर प्लग, म्हणजे रबराची चिकट वात. रोड टायरसाठीची, दीड मिलिमीटरच्या आसपासची घ्या. मोटरसायकलच्या ट्यूबलेस पंक्चरची जाड पट्टी आणि तिची आरी चुकूनही नको. हायवेवरचा पंक्चरवाला मदतीच्या भावनेने तीच काढेल, आणि भोक मोठं करून बसेल. त्याच्याकडून घ्यायची ती फक्त हवा, आणि त्यासाठी प्रेस्टा, म्हणजे रोड सायकलच्या बारीक व्हॉल्व्हवर लावायचा दहा-वीस रुपयांचा पितळी ॲडॅप्टर खिशात हवा. तो नसेल तर कॉम्प्रेसर समोर असून उपयोग नाही.

कार्बन डायऑक्साइडचं १६ ग्रॅमचं एक नळकांडं २८ च्या टायरला पुरतं. पण तो वायू बर्फासारखा थंड सुटतो आणि काही सीलंटचे जागच्या जागी गोळे करतो. म्हणून व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून भरा, सीलंट खाली राहतं. हा वायू रबरातून लवकर झिरपतोही. संध्याकाळी घरी आल्यावर तो काढून साधी हवा भरा, नाहीतर दुसऱ्या दिवशी टायर निम्मा. बीआरएमला नळकांड्याबरोबर छोटा हातपंपही न्या. गोव्याला विमानाने जाणार असाल तर नळकांडं विमानात चढेल असं गृहीत धरू नका, तिथे उतरल्यावर कुठून घ्यायचं ते आधी ठरवा.

प्लगही चालला नाही तर ट्यूब, आणि इथे वर म्हटलेलं काट्यांचं बिल येतं. महिनोन्महिने सीलंटने बुजवलेले काटे आणि तारा टायरच्या आतल्या बाजूने टोकं काढून बसलेल्या असतात. ट्यूब नसताना त्यांचं काही बिघडत नव्हतं. तुम्ही ट्यूब टाकता, हवा भरता, आणि दोनशे मीटरवर ट्यूब जाते. पुन्हा टाकता, पुन्हा जाते. टायर काढल्यावर आतून कापडाने पुसत पूर्ण फेरी मारा. बोटाने नाही, कापडाने. कापड जिथे अडकेल तिथे काटा आहे. मागच्या खिशात जुन्या बनियनचा तुकडा ठेवायचा तो यासाठी.

टीपीयू या पातळ प्लास्टिकच्या ट्यूब हलक्या, ३५-४० ग्रॅमच्या, काडेपेटीएवढ्या घडीच्या, म्हणून सगळे घेतात. त्यांचे नखरे माहीत असू द्या. टायरबाहेर त्यांना आकार येईल इतकीच हवा भरा. जास्त भरली की त्या ताणतात आणि परत आखडत नाहीत. नेहमीचं सोल्युशन आणि पॅच त्यांना चिकटत नाही, त्यांचा वेगळा पॅच येतो. रिम ब्रेक असेल तर पसरणीसारख्या लांब उतारावर रिम तापते आणि काही टीपीयू ट्यूब तिथे दगा देतात; पाकिटावर रिम ब्रेकला चालेल असं लिहिलंय का ते बघा. खोल रिमला व्हॉल्व्हची लांबीही मोजून घ्या. ५० मिमीच्या रिमला ४८ मिमीचा व्हॉल्व्ह घेऊन शर्यतीला उभे राहिलेले लोक दरवर्षी दिसतात.

पकडीबद्दल तक्रार नाही. ओल्या रस्त्यावर वळणात हा टायर विश्वास देतो. ट्रेनिंगला लोकप्रिय असलेला याच कंपनीचा गेटरस्किन टिकायला चिवट आणि भिंतींवर ड्युरास्किनच्या जाळीमुळे काप सोसणारा. पण ओल्या घाटात निसरडा. पहिल्या पावसात, रस्त्यावर धुळीचा आणि ऑइलचा लेप असताना, दोघांमधला फरक ब्रेकवर बोट ठेवताच कळतो. वेगासाठी नाही तरी या एका कारणासाठी पुढच्या चाकाला ५००० मालिकेतलं काहीतरी असावं, असं आमचं ठाम मत आहे.

मग कुणी घ्यावा? ९० किलोमीटरची ट्रायथलॉन, मार्ग आखलेला, वाहतूक अडवलेली आणि कड झाडलेली: डोळे मिटून घ्या. दोनशेची बीआरएम, मर्यादा साडेतेरा तास. तिथे पाच-दहा मिनिटांनी कुणाचं काही अडत नाही, पण रस्ता ओळखीचा आणि दिवसाचा असेल तर चालेल. तीनशेला २० तास, तिथून पुढे अंधार आलाच. चारशे आणि सहाशेला, २७ आणि ४० तासांच्या हिशोबात, रात्री तीनला हेडलॅम्पच्या उजेडात, झोपेने जड झालेल्या बोटांनी ही घट्ट कड उतरवणं म्हणजे शिक्षा आहे. तिथे ग्रां प्री ४ सीझन घ्या: व्हेक्ट्रनचे दोन थर आणि भिंतींना ड्युरास्किन. ट्यूबलेसच हवा असेल तर २०२३ मध्ये आलेला जीपी ५००० एएस टीआर बघा. एस टीआरपेक्षा जड, थोडा संथ, पण रात्री चमकणारी पट्टी आहे आणि ओल्यात आणखी भरवशाचा. सगळे प्रकार एकाच चाकांच्या जोडीवर करणाऱ्याने ट्यूबवाला जीपी ५००० घ्यावा. २८ मिमीला २४० ग्रॅम, हाताने चढतो, हाताने उतरतो.

किंमत बोचते. जोडीच्या पैशांत लहान मुलाला गिअरची सायकल येते. त्यामुळे ऑनलाइन निम्म्या किमतीत, खोक्याविना दिसला की हात शिवशिवतो. ओळखीच्या दुकानातून, सीलबंद खोक्यातलाच घ्या.

झीज मोजायला टायरच्या मधोमध दोन छोटी गोल छिद्रं दिलेली आहेत. ती दिसेनाशी झाली की टायर संपला. आपल्या खरखरीत, तापलेल्या डांबरावर मागचा टायर साधारण ३,५०० ते ४,५०० किलोमीटरमध्ये मध्यावर चपटा होतो, पुढचा त्याच्या दुप्पट जातो. मागचा संपला की पुढचा मागे आणि नवा पुढे, उलट कधीच नाही. होम ट्रेनरच्या रोलरवर याला घासू नका, तिथे जुनापाना टायर लावा.

आणि संपलेला टायर भंगारात देऊ नका. दोन्ही कडा कापून टाका, कमी झिजलेल्या बाजूच्या भागातून दीड-दोन इंचांचे तुकडे काढा, कात्रीने कोपरे गोल करा. भिंतीला काप गेला तर ट्यूब आणि टायरच्या मध्ये सरकवायला यापेक्षा चांगलं ठिगळ नाही. टूथपेस्टच्या ट्यूबचा पत्रा किंवा दहाची नोट वेळ मारून नेते; हा तुकडा घरापर्यंत पोचवतो.